सुश्रुताच्या यादीतला गुग्गुळ

घरात संध्याकाळी धूप घालत असतील तर गुग्गुळाचा वास तुमच्या ओळखीचा आहे. आजीच्या कपाटात योगराज गुग्गुळाची डबीही असेल, गुडघ्यांसाठी. हाच डिंक एकेकाळी कोलेस्टेरॉलवरचं भारताचं उत्तर ठरणार होता, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही.

गोष्ट बनारस हिंदू विद्यापीठातली, १९६० च्या दशकातली. जी. व्ही. सत्यवती पीएच.डी. करत होत्या. सुश्रुतसंहितेत मेदोरोगाचं वर्णन आहे: बसून राहणं, दिवसा झोपणं, नको तितकं खाणं, त्यातून वाढलेला मेद आणि त्या मेदाने अडलेल्या शरीरातल्या वाटा. सत्यवतींना त्यात चरबी साचून अरुंद झालेल्या रक्तवाहिन्या दिसल्या. ही उडी मोठी होती. कोलेस्टेरॉल हा पदार्थच अठराव्या शतकात ओळखला गेला. सुश्रुताचा मेद म्हणजे तोच, असं म्हणायला ग्रंथात आधार नाही. पण त्यांनी नुसतं म्हटलं नाही, तपासलं.

सुश्रुताने उपायांची यादी दिली आहे. शिलाजीत, गोमूत्र, त्रिफळा, लोहभस्म, मध, सातू, मूग, व्यायाम. आणि गुग्गुळ. सत्यवतींनी गुग्गुळ निवडला, सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घातलं, मग गुग्गुळ दिला. रक्तातलं प्रमाण उतरलं. १९६६ मध्ये प्रबंध सादर झाला. याच सत्यवती पुढे आयसीएमआरच्या महासंचालक झाल्या.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने मग डिंकातून शुद्ध अर्क काढला: गुगुलिपिड. त्यातल्या गुगुलस्टेरोन या घटकांवर सगळी भिस्त होती. ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात तो औषध म्हणून भारतीय बाजारात आला. १९८९ मध्ये छापलेल्या निष्कर्षांत २०५ रुग्णांपैकी ७० ते ८० टक्के लोकांना फायदा झाल्याचं होतं. फक्त ही चाचणी खुली होती. आपण खरं औषध घेतोय हे रुग्णांनाही माहीत, डॉक्टरांनाही. अशा वेळी माणूस जेवणातलं तूपही आपोआप कमी करतो.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधल्या संशोधकांनी ‘सायन्स’मध्ये दाखवलं की गुगुलस्टेरोन यकृतातल्या एफएक्सआर नावाच्या ग्राहीला अडवतं. म्हणजे ते काम कसं करतं, याचं देखणं स्पष्टीकरणही मिळालं!

पुढच्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या चाचणीचा निकाल ‘जामा’मध्ये आला. कोलेस्टेरॉल वाढलेले १०३ जण, आठ आठवडे. काहींना गुगुलिपिड, काहींना हुबेहूब दिसणारी खोटी गोळी, आणि कुणाला काय हे कुणालाच ठाऊक नाही. खोट्या गोळीवाल्यांचं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, ५ टक्के उतरलं. गुगुलिपिडवाल्यांचं ४ ते ५ टक्के *वाढलं*. काहींच्या अंगावर पुरळही उठलं.

अमेरिकेतला आहार वेगळा, शरीरं वेगळी, असं तेव्हा म्हटलं गेलं. असेलही. पण मग आपल्याकडे तशीच आंधळी आणि त्याहून मोठी चाचणी करून दाखवायला हवी होती. मला सत्यवतींच्या प्रबंधाबद्दल आदर वाटतो तो याचसाठी: त्यांनी श्लोकाला प्रश्न विचारला होता. नंतरच्या जाहिरातींनी श्लोकालाच उत्तर करून टाकलं. घरात कुणी स्टॅटिन बंद करून गुग्गुळाच्या कॅप्सूल सुरू करणार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायला सांगा.

किंमत झाडानेही मोजली. गुग्गुळाचं झुडूप कच्छ आणि राजस्थानच्या कोरड्या, खडकाळ जमिनीवर वाढतं, तेही अगदी सावकाश. जास्त डिंक मिळावा म्हणून खोडाला खोल चिरा देतात, त्यांत रसायनं भरतात. डिंक भरपूर गळतो आणि झाड मरतं. आययूसीएनच्या लाल यादीत ते आज अतिसंकटग्रस्त आहे.

आणि यादीतला तो सातू? त्यातलं बीटा-ग्लुकान हे तंतुमय द्रव्य आतड्यात पित्ताम्लांना धरून बाहेर नेतं; त्यांची भरपाई करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल खर्च करतं. रोज ३ ग्रॅम पोटात गेलं तर एलडीएल थोडं उतरतं. २००६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने सातूच्या पाकिटावर तसं छापायला परवानगी दिली. आपल्याकडे तो किराणा दुकानात मिळतो, पिठाच्या पिशव्यांच्या मागे कुठेतरी.