जुन्या लॅपटॉपचे पुनरुज्जीवन : फ्लॉपी ते पेनड्राइव्ह

१/ १९९१ साली हेलसिंकीतील विद्यार्थी लिनस टॉरवाल्ड्स याने स्वतःच्या ३८६ संगणकावर लिनक्सचा गाभा रचला. तो सर्वांस खुला होता. पण बसवणे सोपे नव्हते.

२/ जुलै १९९३ मधील पॅट्रिक व्होल्कर्डिंगचे स्लॅकवेअर २४ फ्लॉपींचे होते. त्यातली एखादी आवश्यक फ्लॉपी बिघडली, की काम तिथेच अडे.

३/ २००० साली जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरने क्नॉपिक्स आणले. ते थेट सीडीवरून चाले. हार्ड डिस्कला धक्काही लागत नसे. आधी पारख, मग स्थापना, ही रीत रुळली.

४/ पुढे सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली. त्यावर आयएसओ उतरवताना जुना मजकूर पुसला जातो. त्यावरून लॅपटॉप सुरू करून वायफाय, ध्वनी तपासावा. महत्त्वाच्या फायलींची प्रत काढूनच स्थापना करावी.

५/ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित साहाय्य संपले. विंडोज ११ च्या अटींत न बसणाऱ्या धडधाकट लॅपटॉपांना लिनक्स हा आधार उरला.

६/ तोही चिरंतन नाही. ज्या ३८६ वर लिनक्स जन्मले, त्याचाच आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढला गेला. सांभाळणारे हात असेपर्यंतच जुने यंत्र जगते.