फळ्यावरचा ‘म’ आणि कुलाब्याचं यंत्र

विद्यापीठाच्या व्याख्यानमालेत पहिलं पुष्प गुंफायला शक्यतो निवृत्त माणसाला बोलावतात. त्याला वेळ असतो आणि मानधनावरून तो घासाघीस करत नाही. मला आलेल्या बोलावण्यात विषय होता कृत्रिम बुद्धिमत्तेतलं संशोधन. संयोजक मुलांनी रूपरेषाही पाठवली होती: १९५६चं डार्टमथ, मग बुद्धिबळ, मग जपान, मग थेट चॅटबॉट. डार्टमथला माझी हरकत नाही. मॅकार्थी, मिन्स्की, शॅनन आणि रॉचेस्टर या चौघांनी त्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या त्या कॉलेजात मंडळी जमवली आणि या विषयाचं बारसं केलं, हे खरंच आहे. पण मुंबईत शिकणाऱ्या पोरांना १९५६ म्हटल्यावर मुंबईतलं काहीच आठवू नये, हे मला खटकतं. त्याच वर्षाच्या अखेरीस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्या टीआयएफआरमध्ये, संगणकाचं एक छोटं प्रायोगिक यंत्र चालू झालं होतं. म्हणून मी रूपरेषा बाजूला सारली आणि तासभर त्याबद्दलच बोलले.

संस्थेची कुलाब्याच्या टोकाची आजची इमारत तेव्हा पूर्ण व्हायची होती. कारभार गेटवेजवळच्या जुन्या यॉट क्लबात चाले. गणितवाले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करत, तो हा काळ. १९५४ साली तिथे रंगस्वामी नरसिंहन दाखल झाले. मूळचे चेन्नईचे. गिंडीला दूरसंचार अभियांत्रिकी, पुढे कॅल्टेक, मग इंडियाना विद्यापीठातून गणितात पीएचडी. संगणक बांधायचं काम त्यांच्या गटाकडे आलं तेव्हा गटात कोणीही आधी संगणक बांधलेला नव्हता. छापील अहवाल वाचायचे, डोकं लावायचं आणि डाग द्यायचे, असा मामला. प्रायोगिक यंत्रावर हात बसल्यावर मोठं यंत्र घेतलं, ते १९६०च्या सुरुवातीला कामाला लागलं. सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. स्मृतीत २,०४८ शब्द, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हा आकडा सांगितला की वर्गात हसू फुटतं, कारण खिशातल्या फोनमधला एक फोटोसुद्धा तेवढ्यात मावणार नाही. १९६२च्या जानेवारीत नेहरू नव्या इमारतीच्या उद्घाटनाला आले तेव्हा यंत्राला ‘टिफ्रॅक’ हे नाव मिळालं. खरं सांगायचं तर तोवर परदेशात ट्रान्झिस्टरची यंत्रं आली होती आणि टिफ्रॅक जन्मतःच म्हातारं होतं. १९६४ साली सीडीसी ३६०० आलं आणि याची सद्दी संपली.

पण यंत्र बांधणारा माणूस पुढे कुठल्या प्रश्नाकडे वळला, ते मला टिफ्रॅकपेक्षा महत्त्वाचं वाटतं. नरसिंहन १९६१ ते १९६४ इलिनॉय विद्यापीठाच्या संगणक प्रयोगशाळेत होते. तिथे बबल चेंबरच्या छायाचित्रांचा प्रश्न होता. द्रवातून विद्युतभारित कण गेला की मागे बुडबुड्यांची रेघ उरते. अशी छायाचित्रं ढिगाने निघायची, आणि सरळ रेघ कुठली, वाकडी कुठली, फाटा कुठे फुटला, हे बघायला प्रयोगशाळांतून बायका बसवलेल्या असायच्या, दिवसभर डोळे फोडत. हे काम यंत्राने कसं करावं?

सोपा वाटणारा मार्ग छाप्याचा: नमुना ठेवायचा आणि चित्र त्यावर ताडून पाहायचं. नरसिंहननी तो सोडला. त्यांचं म्हणणं, चित्र ओळखणं म्हणजे चित्राचं वर्णन करता येणं. आधी प्रत्येक ठिपका आणि त्याचे शेजारी पाहायचे: इथे रेघ संपते, इथे पुढे जाते, इथे फाटा. मग हे तुकडे कसे जोडले जातात याचे नियम लावायचे, वाक्यात शब्द बसतात तसे. चित्रालाही व्याकरण असतं, ही कल्पना मांडणाऱ्या पहिल्या काही लोकांत त्यांचं नाव घेतात.

हे शब्दांत सांगून पटत नाही. म्हणून मी फळ्यावर ‘म’ आणि ‘भ’ काढले. दोन्हींना उजवीकडे उभा दंड, डावीकडे खाली गाठ, मध्ये आडवी रेघ. छापा लावून ताडलं तर यंत्र म्हणेल, दोन्ही जवळजवळ एकच. वर्णन करायला बसलं की फरक चटकन सापडतो: ‘भ’ची शिरोरेषा तुटते आणि डावीकडे वर आणखी एक वळसा असतो. दुसऱ्या बाकावरच्या मुलाने लगेच विचारलं, ‘‘मॅडम, आणि कोणी घाईत लिहिताना शिरोरेषा काढलीच नाही तर?’’ तिथेच तर या पद्धतीचा जीव अडकतो. नियम करणारा शहाणा असला तरी लिहिणाऱ्याचा हात त्याचं ऐकत नाही. नरसिंहन यांनी स्वतः हाताने काढलेल्या इंग्रजी अक्षरांवर ही पद्धत चालवली. देवनागरीवर असंच काम आयआयटी कानपूरला झालं. सिन्हा आणि महाबल यांचा देवनागरी लिपी यंत्राने ओळखण्याविषयीचा निबंध १९७९चा. आज मोबाइलने पाटी वाचली की आपल्याला त्याचं काही वाटत नाही. मागे एवढी झटापट आहे.

ऐंशीच्या दशकाबद्दल मी थोडक्यात आटोपलं. जपानने १९८२ साली पाचव्या पिढीच्या संगणकाचा डंका वाजवला, त्याचा धसका सगळ्यांनी घेतला. आपल्याकडे १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ज्ञानाधिष्ठित संगणक प्रणालींचा प्रकल्प काढला आणि कामं वाटून दिली: मद्रासच्या आयआयटीकडे एक्स्पर्ट सिस्टीम, कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेकडे प्रतिमा, बंगळुरूकडे समांतर संगणन, टीआयएफआरकडे बोलणं ओळखणं, जुहूच्या एनसीएसटीकडे भाषा. एनसीएसटी म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, टीआयएफआरमधूनच फुटलेली फांदी. तिचे पहिले संचालक श्रीनिवासन रमणी. १९८९च्या डिसेंबरात ११ ते १३ तारखेला मुंबईत या विषयाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली तेव्हा मी नवखी अधिव्याख्याती होते. कॉलेजने ऑन ड्यूटी रजा दिली नाही, किरकोळ रजा टाकून गेले. चहाच्या टेबलावर ज्याच्या-त्याच्या तोंडी एक्स्पर्ट सिस्टीम. तज्ज्ञाला गाठायचं, त्याच्याकडून ‘असं असेल तर तसं’ असे नियम काढून घ्यायचे आणि यंत्रात भरायचे. अडचण एवढीच की मुरलेला डॉक्टर नियम सांगत नाही. तो म्हणतो, पेशंट दारातून आत आला की कळतं.

नरसिंहन एव्हाना या गर्दीपासून जरा दूर गेले होते. त्यांना लागलेला ध्यास भाषेचा, तोही मूल भाषा कशी शिकतं याचा. टीआयएफआरमधून त्यांनी आणि आर. वैद्यनाथन यांनी एका तमिळ घरातल्या मुलीचं आईवडिलांशी होणारं बोलणं नोंदवून घेतलं, ती नऊ महिन्यांची असल्यापासून पावणेतीन वर्षांची होईपर्यंत. त्या संभाषणांची लिखित प्रत आज ‘चाइल्ड्स’ या बालभाषेच्या भांडारात ठेवलेली आहे. संगणकाच्या माणसाने नळ्या-डायोडांकडून बाळाच्या बोबड्या बोलांकडे यावं, हे त्या काळी बऱ्याच जणांना तिरपागडं वाटलं असणार. मला तेच सरळ वाटतं. १९८१च्या त्यांच्या पुस्तकाचा रोख चॉम्स्कीच्या व्याकरणाच्या उलट दिशेने आहे: भाषा म्हणजे आधी वागणं. मागणं, दाखवणं, नाही म्हणणं, रुसणं. व्याकरण त्या वागण्यातून मागाहून दिसतं.

मग अर्थातच मुलांनी विचारलं, चॅटबॉटबद्दल ते काय म्हणाले असते? नरसिंहन २००७ साली गेले, त्यांच्या तोंडी मी काही घालणार नाही. माझं मत विचाराल तर अर्धा डाव त्यांच्या बाजूने पडला. व्याकरणाचे नियम कोणी न भरता, निव्वळ उदाहरणांवरून यंत्रं बोलायला लागली, आणि एक्स्पर्ट सिस्टीमवाल्यांना ते जमलं नव्हतं. उरलेला अर्धा डाव तसाच पडून आहे. मूल ‘दे’ म्हणतं ते हात पुढे करून, आणि समोर वाटी असते. यंत्राने ‘दे’ हा शब्द कोट्यवधी वेळा वाचला आहे, मागायची वेळ मात्र त्याच्यावर एकदाही आलेली नाही. नरसिंहन यांचं २००४चं पुस्तक कृत्रिम बुद्धिमत्ता आणि कर्त्याचं वागणं याच विषयावर आहे. ते आलं तेव्हा यंत्रानुवादातली मंडळी वाक्यांच्या जोड्या मोजण्यात गढली होती, आणि पुढची दहा-पंधरा वर्षं मोजणाऱ्यांचीच सरशी झाली. आता यंत्रमानवाला ओट्यावरचा कप न सांडता उचलायला लावायचं म्हणताच कर्त्याचा प्रश्न पुन्हा आडवा येतो, आणि तिथे नुसती वाक्यं मोजून भागत नाही.