मोत्याची विलायतवारी

माझा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब विलायतेस निघाला आहे. परवां तो त्रासून म्हणाला, "गुरुजी, आमचे कागद झाले, पण मोत्याच्या कागदांना चार महिने! बिचाऱ्या कुत्र्यावर एवढा अविश्वास कां?" या प्रश्नाचें उत्तर इतिहासांत आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिसाळलेल्या कुत्र्यांनीं इंग्लंडांत धास्ती घातली होती. १८९७ सालीं तेथील शेतकी खात्याचे प्रमुख वॉल्टर लाँग यांनीं कुत्र्यांना मुसकीं बांधण्याची कडक सक्ती केली व परदेशांतून येणाऱ्या कुत्र्यांवर निर्बंध घातले. श्वानप्रेमी मंडळी खवळली. परंतु १९०२ मध्यें रोग नाहींसा झाला. पुढें परक्या कुत्र्यास सहा महिने अलग कोंडून ठेवण्याचा दंडक रूढ झाला. कारण या रोगाचें विष दंशानंतर कित्येक आठवडे, क्वचित् महिनेही अंगांत दडून राहतें आणि तोंवर कुत्रें धडधाकट दिसतें. डोळ्यांना जें दिसत नाहीं, त्याची परीक्षा काळच करणार!

१९१८ सालीं रोग पुन्हां शिरला. युद्धाहून परतणाऱ्या शिपायांनीं लपवून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो आला, असें मानतात. तो निपटण्यास १९२२ साल उजाडलें. हा अनर्थ कोणाच्या दुष्टपणानें नव्हे, मायेनें घडला. पुढें १९६९ सालीं, सहा महिने कोंडवाड्यांत काढून सुटलेलें एक कुत्रें कँबर्ली येथें पिसाळलें. म्हणजे काळाची कसोटीही अपुरी ठरली.

अखेर शास्त्रानें तोड काढली. २८ फेब्रुवारी २००० पासून ठराविक देशांतील कुत्र्यांना, आणि २०१२ पासून आपल्याकडील कुत्र्यांनाही, कोंडवाड्याऐवजीं पुरावा देण्याची मुभा मिळाली. आधीं कातडीखालीं क्रमांकाची चिप, मग लस. निदान तीस दिवसांनीं रक्ततपासणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिन्यांची प्रतीक्षा. चिपेआधीं टोचलेली लस मात्र जमेस धरीत नाहींत.

मीं विद्यार्थ्यास म्हटलें, "बाबा रे, अविश्वास मोत्यावर नाहीं, आपल्या गल्लींत अजून वावरणाऱ्या रोगावर आहे. पूर्वीं त्यानें सहा महिने परक्या पिंजऱ्यांत काढले असते. आतां हे चार महिने तो तुझ्याच ओसरीवर काढील. उद्यांच चिप बसवून घे!"