फेन, फेस आणि फेणी

संस्कृत ‘फेन’ आणि इंग्रजी ‘फोम’ हे एकाच प्राचीन मुळाचे दोन अंकुर होत. लॅटिन ‘स्पूमा’ हाही त्यांचाच सोयरा. इंग्रजी शब्द आज गादीच्या दुकानांत जाऊन बसला आहे. आपल्या ‘फेना’चा प्रवास मात्र अधिक गमतीचा आहे.

इंद्रानें नमुचीचें मस्तक पाण्याच्या फेसानें उडविलें असें ऋग्वेदाच्या आठव्या मंडलांत म्हटलें आहे. ज्यास आपण निःसार म्हणतों तेंच तेथें शस्त्र झालें! अमरकोशांत रिठ्याचें एक नांव ‘फेनिल’ आहे. तें यथार्थच होय. वैद्यांचा ‘समुद्रफेन’ मात्र फेस नव्हेच. तें माकूल जातीच्या जलचराच्या पाठींतील कवच. अफूचें ‘अहिफेन’ हें नांव तर कानानें घडविलेलें. मूळ ग्रीक शब्द अरबीत ‘अफ्यून’ झाला, आणि आपल्या पंडितांस त्यांत सर्पाचा फेस दिसला.

या शब्दाची खरी वसाहत पाहावयाची तर दोडामार्गास जावें. हें सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील गांव अगदीं गोव्याच्या वेशीवर आहे, पलीकडे डिचोली. दोन्हीं अंगांस काजूच्या बागा. काजूचें झाड पोर्तुगीजांनीं सोळाव्या शतकांत ब्राझीलहून आणिलें, आणि ‘काजू’ हें नांवही तिकडच्या तुपी भाषेंतलें. परंतु त्या फळाच्या मद्यास नांव मिळालें तें आपलें: फेणी. माडाच्या सुरेचीही फेणी होते. तेव्हां हें नांव काजूपूर्वींचें असावें असें मला वाटतें.

बोंडू चेचून काढलेला रस कांहीं दिवस आपोआप फेसाळतो. तो निवला कीं भट्टीवर चढवितात. पहिल्या उकळीचा तो हुर्राक, पुन्हां गाळलेली ती फेणी. बाटली हलवून, बुडबुडे कसे उठतात व किती वेळ टिकतात यावरून जाणते तिचा कस ठरवीत. नांवाचा उगम बहुधा याच परीक्षेंत आहे.

गोव्याच्या काजू-फेणीस 2009 मध्यें भौगोलिक मानांकन मिळालें. अलीकडे मात्र 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा पुष्कळ वर्षें आडवा येत असे. बी बाजारांत जाते आणि पुष्कळसा बोंडू झाडाखालींच कुजतो. एकच फळ, एकच माती. मध्यें केवळ हद्दीची रेघ! गृहिणीस विचाराल, तर फेण्या म्हणजे तांदळाच्या, उन्हांत वाळवून तळावयाच्या. त्यांना परवाना लागत नाहीं.