मांडीवरचा प्रेक्षक

‘कृपया लहान मुलांना नाटकाला आणू नये.’ ही ओळ आता इतकी नेहमीची झालीय की तिच्याकडे आपलं लक्षही जात नाही. पण आमच्या नांदेड-लातूरकडे या ओळीचं वय फार नाही, असं मला वाटतं.

मराठी बालरंगभूमीचा इतिहास बहुधा मुंबईपासून सांगतात. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये ‘लिटल थिएटर’ सुरू केलं आणि रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे शाळेच्या गॅदरिंगची हौस नव्हे, नेपथ्यापासून अभिनयापर्यंत सगळं मोठ्यांच्या नाटकाच्या तोडीचं हवं, हा त्यांचा आग्रह. मोठंच काम ते.

पण त्याआधी मुलं काही बघतच नव्हती का? आमच्याकडे गोंधळ होता की! माहूरची रेणुका नांदेड जिल्ह्यातली, तुळजापूर लातूरहून जवळ. त्यामुळे लग्नानंतर गोंधळ घालणं हा कितीतरी घरांचा कुलाचार. अंगणात चौक मांडायचा, दिवटी पेटवायची. देवीचं आवाहन झालं की आख्यान. नायक कथा सांगणार, साथीदार मध्येच वेडेवाकडे प्रश्न विचारून हसवणार. तेही रात्रभर! समोर आजीच्या मांडीवर नातू. तो झोपायचा, संबळाच्या कडकडाटानं दचकून उठायचा, डोळे मोठे करून बघायचा, पुन्हा झोपायचा. ‘पोराला बाहेर न्या’ असं कुणी म्हणत नसे. लहानपणी मीही असाच प्रेक्षक होतो.

पुढे सभागृहं आली. अंधार, रांगेतल्या खुर्च्या, तिकीट. तिथे कुजबुजसुद्धा खुपते, आणि त्यात नटांची चूक नाही. निसटलेलं वाक्य पुन्हा ऐकायला मिळत नाही. राज्य बालनाट्य स्पर्धेमुळे शाळकरी मुलं रंगमंचावर चढली, हे चांगलंच झालं. पण तीन-चार वर्षांचं पोर? बऱ्याच घरी गोंधळ आता तास-दोन तासांत आटोपतो आणि सभागृहात त्याला जागा नाही. मग उरतो मोबाईल.

ती सूचना काढून टाका, असं मी म्हणत नाही. पण वर्षातून दोन-चार सकाळी तासाभराचे प्रयोग करता येतील. दिवे थोडे चालू, पुढे सतरंजी, दार उघडं. आपल्या नाट्यसंस्थांना एवढं सहज जमेल. करमरकरांचा आग्रह तसाच ठेवायचा, फक्त त्याला गोंधळ्याच्या धीराची जोड द्यायची.

नाहीतर वीस वर्षांनी या खुर्च्यांवर बसणार कोण?