ओझे आणि वजन

ज्योतिबाच्या डोंगरावर उभे राहून बोलायचे, आणि विषय कोणता, तर स्त्रियांच्या जागतिक भारोत्तोलन स्पर्धांचा! श्रोत्यांपैकी कित्येकांना हे विचित्र वाटेल. परंतु या डोंगराला भार पेलणे नवे नाही. चैत्र पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या इथे येतात. उंचच उंच काठी, तिचे चहूबाजूंनी ताणून धरलेले दोर, आणि ती पेलून नाचविणारा गुलालाने माखलेला गडी! 'चांगभलं'च्या गजरात त्याचे बळ सर्वांना दिसते. त्याच वेळी गायमुखाच्या वाटेने एखादी बाई डोक्यावर बोचके आणि कडेवर मूल घेऊन अनवाणी चढत असते. तिच्या डोक्यावर किती भार आहे, हे कोणी विचारीत नाही. काठी पेलणाऱ्याला मान आहे. बोचके वाहणारीच्या बळाला नावदेखील नाही.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. जे शिकलो ते हमालांच्या आणि कामगारांच्या बैठकींत. तेथे पहिला धडा मिळाला तो हा, की जे मोजले जात नाही त्याचा दाम मिळत नाही. पोत्याचे वजन ठरते तेव्हाच हमालीचा दर ठरतो. १९४८ च्या कारखाने कायद्यात ३४ वे कलम घातले गेले. पुरुष, स्त्रिया आणि किशोर यांनी जास्तीत जास्त किती वजन उचलावे, हे ठरविण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारांना दिला. १९६९ साली महाराष्ट्रात माथाडी कायदा झाला. पण बाईच्या डोक्यावरचा सरपणाचा भारा आणि पाण्याची घागर यांना तराजू कधी लागलाच नाही. ते ओझेच राहिले. त्याचे वजन झाले नाही.

क्रीडेच्या जगातही हेच घडले. पुरुषांचे भारोत्तोलन १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमध्ये होते. स्त्रियांची पहिली जागतिक स्पर्धा भरली ती १९८७ साली, अमेरिकेतील डेटोना बीच येथे. म्हणजे मधे एक्याण्णव वर्षे गेली! १९८९ साली मँचेस्टरला मणिपूरच्या कुंजराणी देवीने रौप्यपदके मिळविली. १९९४ आणि १९९५ साली आंध्रची कर्णम मल्लेश्वरी जगज्जेती झाली. ऑलिंपिकचे दार स्त्रियांना उघडले ते २००० साली सिडनीत, आणि तेथे तिने ११० आणि १३० मिळून २४० किलो उचलून कांस्यपदक घेतले. ऑलिंपिक पदक मिळविणारी ती पहिली भारतीय स्त्री.

आमचे कोल्हापूर हे तालमींचे गाव. शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधले आणि कुस्तीला राजाश्रय दिला. पुढे याच जिल्ह्यातल्या कुरुंदवाडच्या गणेश माळी, ओंकार ओतारी आणि चंद्रकांत माळी यांनी २०१४ च्या ग्लासगो राष्ट्रकुल स्पर्धेत भारोत्तोलनाची कांस्यपदके आणली. पण तालमीचा उंबरठा लेकींसाठी फार काळ उंचच राहिला.

तो ओलांडला गेल्याची खूण मावळात दिसली. वडगाव मावळची हर्षदा गरुड ही बिहारीलाल दुबे यांच्या व्यायामशाळेत तयार झाली. तिच्या वडिलांनीही एकेकाळी वजने उचलली होती. मे २०२२ मध्ये ग्रीसमधील हेराक्लिओन येथे कनिष्ठ गटाची जागतिक स्पर्धा झाली. तीत ही मुलगी ४५ किलो वजनगटात उतरली. या खेळाचे दोन प्रकार आहेत. स्नॅचमध्ये दांडी एका झपाट्यात जमिनीवरून थेट डोक्यावर न्यायची. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर घ्यायची, मग वर न्यायची. प्रत्येक प्रकारात तीन संधी आणि समोर तीन पंच. स्नॅचमध्ये हर्षदाने ७० किलो उचलले, तुर्कस्तानच्या बेक्ताशने ६५. दुसऱ्या प्रकारात बेक्ताशने ८५ उचलले, हर्षदाने ८३. बेरीज १५३ विरुद्ध १५०. तीन किलोंनी सुवर्णपदक आले! कनिष्ठ जागतिक स्पर्धेत सुवर्ण मिळविणारी ती पहिली भारतीय खेळाडू ठरली. त्यापूर्वी कोणा मुलालाही ते जमले नव्हते.

आता एक इशारा देणे आम्हांस भाग आहे. वाटाघाटींच्या एका बैठकीत मालकपक्षाचे एक गृहस्थ आम्हांला हसत म्हणाले, "अहो, पोरी आता ऐंशी-ऐंशी किलो उचलतात, मग बायकांना वजनाची मर्यादा कशाला हवी?" आम्ही म्हणालो, "साहेब, ती पोर अख्ख्या स्पर्धेत सहा वेळा दांडीला हात लावते. तिच्यामागे वर्षांचा सराव आहे, पोटात सकस अन्न आहे, शेजारी गुरू उभा आहे. किती उचलायचे ते ती स्वतः सांगते, आणि दांडी जड वाटली तर टाकून देते. तुमच्या गोदामातल्या बाईला पोते टाकून देता येते काय?" त्यावर ते गप्प राहिले.

भेद आहे तो इथे. स्वतःच्या इच्छेने, मोजून, मान घेऊन उचलले ते वजन. नाइलाजाने, न मोजता, पोटासाठी वाहिले ते ओझे. हर्षदाच्या पदकाने स्त्रीचे बळ सिद्ध झाले म्हणणे अर्धसत्य आहे. ते बळ या डोंगराच्या वाटेवर पिढ्यान् पिढ्या चालतच होते. सिद्ध झाले ते हे, की त्या बळाला चौथरा, अन्न आणि गुरू मिळाला म्हणजे जग त्याची नोंद घेते.

म्हणून आमची मागणी दुहेरी आहे. गावच्या व्यायामशाळेत लेकीसाठी दांडी ठेवा, आणि तिच्या आईच्या डोक्यावरची घागर उतरवा. पहिली गोष्ट करून दुसरी विसरलात, तर पदक घरी येईल आणि ओझे जिथल्या तिथेच राहील.