उंबरठा नसलेली नायिका

मराठी कादंबरीतली बंडखोर बाई एका ठरलेल्या खुणेवरून ओळखू येते. ती उंबरठा ओलांडते. शिकायला, परदेशी जायला, नको असलेला संसार सोडायला किंवा नुसते आपले म्हणणे मांडायला ती घराबाहेर पाऊल टाकते आणि तिथून तिची गोष्ट सुरू होते. ऐतिहासिक कादंबरीत हा उंबरठा वाड्याचा असतो, चरित्रात्मक कादंबरीत पांढरपेशा बिऱ्हाडाचा. पण मुंबईच्या लोअर परळ, डिलाईल रोड, लालबाग या पट्ट्यात शंभरएक वर्षे हजारो बायका अशा राहिल्या, ज्यांच्या लेखी हा उंबरठा फारसा नव्हताच. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत त्या रस्त्यावर असत. मग त्यांचे बंड होते तरी कुठे? आणि आपल्या कादंबरीला ते इतके कमी का दिसले?

या प्रश्नाचा माग काढताना तीन वर्षे पुन्हा पुन्हा समोर येतात : १८९०, १९३३ आणि १९८२.

१८९० साली हरि नारायण आपट्यांनी ‘करमणूक’ सुरू केले आणि त्यात ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः येऊ लागली. यमुना स्वतःच्या तोंडाने आपली कहाणी सांगते : माहेर, सासर, मुंबईतले थोडे सुखाचे दिवस, वैधव्य आणि केशवपन. पुरुषाने लिहिलेले ते बाईचे आत्मचरित्र आजही वाचवते, कारण घराच्या आतल्या बोळांत काय घडते ते आपट्यांना नेमके ठाऊक होते.

त्याच वर्षी २४ एप्रिलला नारायण मेघाजी लोखंडे यांनी महालक्ष्मीला गिरणी कामगारांची सभा बोलावली. लोअर परळच्या गिरण्यांपासून हे ठिकाण पायी जाण्याइतके जवळ. दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. मागणी साधी होती, आठवड्यातून एक दिवस सुट्टी. या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. भारतीय कामगार चळवळीच्या इतिहासात ही सभा मानाने नोंदली जाते. त्या दोघींचा उल्लेख मात्र ‘दोन स्त्रिया’ एवढाच येतो. आपट्यांची यमुना माजघरात कुढत होती, तेव्हा दोन बायका दहा हजारांच्या जमावापुढे उभ्या राहून बोलत होत्या. यमुनेचे नाव आपल्याला पाठ आहे.

पुढच्याच वर्षी बाईच्या शरीराविषयी दोन कायदे झाले. संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे संमतिवय दहावरून बारा केले. त्यावर पुण्या-मुंबईत रणे माजली, आणि तो वाद आजही अभ्यासक्रमात असतो. दुसरा कायदा कारखान्यांचा. त्याने स्त्री कामगारांचा दिवस अकरा तासांचा ठरवला आणि रात्रपाळीवर बंधन घातले. त्यासाठी कुणी मंडप उधळले नाहीत. एक कायदा घरातल्या बाईचा होता, दुसरा गिरणीतल्या. समाजाची प्रतिष्ठा पहिलीत गुंतलेली होती.

त्याआधीचे रखमाबाईंचे प्रकरण याच दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखे आहे. अकराव्या वर्षी लग्न झालेल्या या मुलीने नवऱ्याच्या घरी नांदायला जाण्यास नकार दिला. १८८४ साली दावा दाखल झाला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी नवऱ्याकडे जा, नाही तर सहा महिन्यांचा तुरुंगवास, असा निकाल दिला. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. १८८८ मध्ये तडजोड झाली. पुढे त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. पण ध्यानात घेण्याजोगी गोष्ट वेगळीच आहे. त्यांच्या विधवा आईने डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला होता आणि त्यांच्या जातीत ती रीत होती. कष्टकरी जातींत पाट आणि काडीमोड हे शब्द रोजच्या बोलण्यातले होते. उच्चवर्णीय घरात जे बंड ठरे, ते अनेक घरांत व्यवहार होता. गिरणगावात नवऱ्याला सोडून आलेली बाई सापडणे अवघड नव्हते. तिच्यावर खटला झाला नाही, म्हणून तिच्यावर कागदही झाला नाही.

कादंबरीकाराची मुख्य अडचण हा कागदच. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ १९६८ साली आली. तिच्यामागे आनंदीबाईंची पत्रे होती, काशीबाई कानिटकरांनी १९१२ साली लिहिलेले चरित्र होते. पत्रांतून चरित्र, चरित्रातून कादंबरी, कादंबरीतून नाटक आणि चित्रपट, अशी साखळी तयार झाली. रखमाबाईंनीही ‘एक हिंदू स्त्री’ अशा सहीने वर्तमानपत्रात पत्रे लिहिली होती. ज्या घरात पत्र लिहिणारी बाई होती, तिथे इतिहास उरला. जिथे इतिहास उरला, तिथे कादंबरीकार गेला. म्हणून आपल्या ऐतिहासिक आणि चरित्रात्मक कादंबरीतली बंडखोर नायिका एक तर राजघराण्यातली असते किंवा साक्षर असते. अंगठा उठवणाऱ्या बाईचे बंड त्या साखळीच्या पहिल्याच कडीशी अडते.

आता १९३३. या वर्षी विभावरी शिरूरकरांचे ‘कळ्यांचे निःश्वास’ आले आणि शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, लग्न लांबलेल्या मुलींच्या मनातले प्रथमच इतक्या उघडपणे छापले गेले. मोठी खळबळ उडाली. त्याच वर्षी मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’ प्रसिद्ध झाली. गिरणीच्या जगाला मराठी कादंबरीत आणणारे हे महत्त्वाचे पुस्तक. वरेरकरांची सहानुभूती खरी होती, आणि स्वत्व असलेल्या बायका रंगवण्यात ते त्या काळात आघाडीवर होते. तरीही शीर्षकातला धोटा पाहा. धोटा असतो मागावर, म्हणजे साचा खात्यात, आणि मुंबईच्या गिरण्यांत साचा खाते पुरुषांचे होते. एवढेच नव्हे, धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाच्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात प्रवेश नाकारला जाई. १९२८च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला होता. गिरणीचे प्रतीक म्हणून जी वस्तू साहित्यात रूढ झाली, तिला हात लावायची मुभा बायकांना नव्हती आणि दलितांनाही नव्हती.

बायका असत वाइंडिंग आणि रिळिंग खात्यात. सूत बॉबिनवर भरायचे किंवा त्याच्या लड्या करायच्या, असे हे काम. मजुरी कामाच्या मापावर. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत दर पाच कामगारांमागे साधारण एक बाई होती. त्यांच्यावर नायकीण असे. कामावर घेणे, काढणे, चांगले सूत कुणाच्या वाट्याला द्यायचे आणि तुटके कुणाच्या, हे तिच्या हाती. तिला भेटी द्याव्या लागत, तिची मर्जी राखावी लागे. म्हणजे या बाईचे पहिले भांडण सासूशी किंवा नवऱ्याशी असेलच असे नाही. ते दुसऱ्या बाईशी असे, आणि त्यात पोटाचा प्रश्न असे.

गिरणीच्या रचनेत या खात्याचे एक बळ होते. सूत भरून पुढे गेले नाही, तर ताणा तयार होत नाही. ताणा नसेल, तर माग उपाशी राहतात. कमी पगाराच्या या खात्यात काम थांबले, की त्याची झळ काही काळात साचा खात्यापर्यंत पोचे. त्या दशकांत वाइंडिंगच्या बायकांनी स्वतंत्रपणेही काम बंद पाडले. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत दीडएक लाख कामगारांचा सार्वत्रिक संप चालला, त्यातही त्या होत्या. हे बंड उंबरठ्याच्या मापाने मोजता येत नाही. हात थांबवणे, जागेवर बसून राहणे, हेच त्याचे रूप. घर सोडून निघालेली नायिका कादंबरीकाराला सहज दिसते. बॉबिनशेजारी हात बांधून बसलेली दिसायला, ते बसणे काय थांबवते हे आधी ठाऊक असावे लागते.

त्या बंडाची किंमतही वेगळी होती. बाळंतपणाच्या रजेचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले, तेव्हा जुलै १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९२९ साली कायदा झाला. हक्क मिळाला. पण सुधारित यंत्रे आली, बाहेरदेशी जाणाऱ्या सुताचा व्यापार आटल्याने रिळिंगचे काम घटले, आणि बाई आता मालकाला महाग वाटू लागली. पुढच्या दशकांत गिरणीतल्या बायकांचे प्रमाण घसरतच गेले. कुणी त्यांना परत घरात कोंडले नाही; खातीच आकसली. यमुनेच्या शोकांतिकेला शंकरमामंजींसारखा चेहरा आहे. या शोकांतिकेला चेहरा नाही, म्हणून ती लिहायला अवघड आहे.

मग या बायकांचे शब्द कुठेच नाहीत का? आहेत, पण ललित साहित्याच्या कडेला. बालविधवा असलेल्या उषाताईंनी कॉम्रेड डांग्यांशी पुनर्विवाह केला आणि त्या गिरणीतल्या बायकांच्या संघटनेत उतरल्या. त्यांच्या आत्मकथनाचे नाव ‘पण ऐकतं कोण?’ आपट्यांच्या शीर्षकाला हे सरळ उत्तर आहे. लक्षात घेणे हे वाचकाचे काम होते. ऐकण्यासाठी आधी बोलणारी लागते. पार्वतीबाई भोर यांनी आपली कहाणी पद्माकर चितळे यांना सांगितली आणि ती १९७७ साली ‘एका रणरागिणीची हकीकत’ म्हणून आली. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ साली केले. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावच्या लोकांच्या शंभर मुलाखतींचा ग्रंथ २००४ साली सिद्ध केला. ही सारी सामग्री बोलण्यातून आलेली आहे. आनंदीबाईंच्या पत्रांची जागा इथे हकिकतीने घेतली आहे.

यात एका कादंबरीचे बीज तर उघड्यावर पडलेले आहे. फेब्रुवारी १९४६ मध्ये नाविकांच्या उठावाला पाठिंबा देताना परळ भागात गोळीबार झाला. परळ महिला संघाच्या कार्यकर्त्या कमल दोंदे त्यात ठार झाल्या आणि कुसुम रणदिवे यांच्या पायाला गोळी लागली. अहिल्या रांगणेकर सोबतच होत्या. राण्यांच्या लढायांवर आपण पुस्तकांमागून पुस्तके लिहिली. परळच्या रस्त्यावर गोळी खाल्लेल्या कमल दोंदे त्या यादीत नाहीत.

तिसरे वर्ष १९८२. जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ याच वर्षीचा, शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा. घर सोडणाऱ्या बाईची मराठीतली ही सर्वांत परिचित प्रतिमा असावी. आणि १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला.

या संपाचे साहित्य आले. जयंत पवारांचे ‘अधांतर’ आले, ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ आले. लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल आहे, त्यामुळे या दुसऱ्या शीर्षकातली राख कुठली, हे सांगावे लागत नाही. पण संपाची गोष्ट म्हटली की डोळ्यांसमोर पुरुषच येतो. त्याची बायको अण्णा भाऊ साठ्यांच्या प्रसिद्ध छकडीतल्या मैनेसारखी गावाला राहिलेली, नाही तर चाळीत वाट बघणारी.

त्या चित्रातून खाणावळवाली सुटते. कोकण-घाटावरून एकटे आलेले पुरुष गावकीच्या खोल्यांत पाळीपाळीने झोपत आणि जेवायला खाणावळीत जात. दहा बाय बाराच्या खोलीत एक बाई वीस-वीस गड्यांचे जेवण रांधी. पैसे पगाराला मिळत. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी या बायकांना एकत्र करून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभे केले. एकमेकींच्या जामिनावर बँकेचे कर्ज मिळवून सावकाराला बाजूला सारता येते, हे या बायकांनी दाखवले. यात कुणी घर सोडले नाही. उलट घरच कामाची जागा झाले आणि बँकेच्या कागदावर बाईची सही किंवा अंगठा आला.

संप सुरू झाला आणि गड्यांचा पगार थांबला. अनेकींनी पंगत बंद केली नाही. उधारीवर जेवण चालू ठेवले, तोवर संप चालला. कितीतरी गडी गावी गेले ते परतले नाहीत; वहीतली बाकी वहीतच राहिली. पुढे गिरण्यांच्या जमिनींवर कामगारांसाठी घरे बांधायचे ठरले, तेव्हा पात्रतेची अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या नोकरीत असला पाहिजे. खाणावळवालीचे नाव कुठल्याही गिरणीच्या मस्टरवर नव्हते. संप तिच्या चुलीवर शिजला, पण घराच्या यादीत ती कामगार नव्हे.

म्हणून हा प्रश्न केवळ साहित्याचा राहत नाही. १८९०च्या सभेत ‘दोन स्त्रिया’ होत्या, १९८२च्या मस्टरवर त्याही नाहीत. ज्यांची नोंद नाही, त्यांचा हक्कही सिद्ध होत नाही. ललित लेखकाला नोंद खोटी करता येत नाही, पण नोंद का नाही हे त्याला दाखवता येते. त्यासाठी वाड्याच्या दारात उभे राहून वाट पाहण्याची सवय सोडावी लागेल. सूत भरण्याचा दर काय होता, नायकिणीला काय द्यावे लागे, वीस माणसांच्या भाकरीला किती पीठ लागे, हे विचारावे लागेल.

साधने अजून आहेत. १९७५ साली तिशीत असलेली खाणावळवाली आज ऐंशीच्या घरात आहे. डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. एकशेसाठ चौरस फुटांच्या खोल्या रिकाम्या होताहेत. घर बदलताना पहिल्यांदा जुने कागद रद्दीत जातात. त्यात गड्यांची नावे, तारखा आणि येणे बाकी लिहिलेली एखादी वही असू शकते. कदाचित शाळेत जाणाऱ्या लेकीने आईसाठी लिहिलेली. ती रद्दीवाल्याकडे जाण्याआधी कुणीतरी मागून घ्यायला हवी.